दूध आटवायची गोळी

डॉक्टरनं खराटा बुटाच्या टोकानं माझ्याकडे सरकवला.

"मीकु अलवाटे कदा अम्मा," तो म्हणाला. तुम्हाला सवयच असेल ना, बाई.

गोड बोलून म्हणाला. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. या गोडीला काय द्यायचं?

सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. त्या दवाखान्यात रोज सकाळी बायांना हॉलमध्ये ओळीनं बसवायचे आणि एकेकीला आपापल्या देवाचं नाव मोठ्यानं घ्यायला लावायचे. त्यानं म्हणे मन ताळ्यावर येतं. कोणी व्यंकटेश्वराचं नाव घेई, कोणी पोचम्माचं, कोणी अल्लाचं. माझी पाळी आली तेव्हा इंजेक्शननं जीभ जड झालेली. पण लहानपणापासून जे तोंडात बसलंय ते जड जिभेनंही निघतं. "नमो बुद्धाय," मी म्हणाले. आणि सवयीनं पुढचंही निघालं, "जय भीम."

डॉक्टर राऊंडला आला होता. तो दारातच थांबला. त्यानं आयम्माकडं पाहिलं, आयम्मानं त्याच्याकडं. आयम्मा म्हणजे आमचा वॉर्ड सांभाळणारी बाई. कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं उरलंच काय होतं? आदल्या दिवसापर्यंत मी 'टीचरम्मा' होते. त्या सकाळपासून संडास आणि दर्शनी खोली झाडणारी झाले. त्याला ते 'वर्क थेरपी' म्हणत. कामानं माणूस बरा होतो म्हणे.

काम सगळ्यांनाच होतं, खोटं कशाला बोलू. मंचेरियलच्या एका बड्या व्यापाऱ्याची बायको होती, तिला देवाच्या फोटोसाठी हार ओवायचं काम. एका इंजिनियरची बहीण होती, तिला तांदूळ निवडायचं. बेज्जूरच्या जंगलाकडून आणलेली लच्चूबाई होती, गोंड म्हातारी. तिला संडास. आणि मला संडास. आजार प्रत्येकीचा वेगळा, उपचार मात्र जात बघून. लच्चूबाईची गोंडी तिथं कोणालाच येत नव्हती. ती दिवसभर काहीतरी सांगायची, कळवळून सांगायची. ते समजून घ्यायला गोंडी येणारं माणूस बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

सवय! होती ना सवय. माझ्या आज्याला होती. पाटलाचं आंगण आणि गोठा झाडण्यात त्याची जिंदगी गेली. ती सवय मोडायला माझे बाबा कंदिलाखाली शिकले, कचेरीत कारकून झाले, आणि आपल्या पोरींना त्यांनी शाळेतसुद्धा झाडू धरू दिला नाही. त्यासाठी गुरुजींशी भांडले. मी शिक्षिका झाले. आदिलाबादच्या या कडेला, पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणा सरकारच्या मराठी शाळा आहेत, त्यातल्या एकीत मी पोरांना बाराखडी शिकवते. बाबांनी आयुष्य घालून जे दूर सारलं होतं, ते त्या माणसानं बुटाच्या टोकानं परत माझ्यापर्यंत आणलं. आणि मी वाकले. उचललं. तेव्हा माझ्यात 'नाही' म्हणायचं बळ नव्हतं.

मी आजारी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी माझ्यावर उगारायला नको.

सांची, माझी लेक, झाली आणि तिसऱ्या महिन्यात माझी झोप उडाली. उडाली म्हणजे उडालीच. टाकीच्या पाण्यात कोणीतरी काहीतरी कालवलंय असं वाटायला लागलं. लेकराला कोणाच्या हातात देईना, नवऱ्याच्याही नाही. एकदा भर दुपारी तिला पोटाशी धरून कापसाच्या रानातून पळत सुटले. पायात चप्पल नाही, पदराचा पत्ता नाही. गावानं धरून आणलं. मला उपचाराची गरज होती. आजही आहे. आता जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण गोळ्या देते, कोणती कशासाठी ते सांगते, मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. मी गोळ्या न चुकता घेते.

पण तेव्हा कोणाला काय सुचणार? शेजारची काकू म्हणाली, "भाईरचं हाये हे. बुवाकडं न्या, अंगारा देते तो."

बाबा ताडकन म्हणाले, "आमी बाबासाहेबाचे लोक हावो. आमच्या घरात गंडादोरा शिरला नाई अन् शिरनार नाई. पोरगी डॉक्टरकडंच जाईन."

बरोबरच बोलले. मला त्यांचा त्या क्षणीही अभिमान वाटला, तेवढी शुद्ध मला होती. पण आमच्या लोकांची एक खोड आहे. बुवाला आम्ही हजार प्रश्न विचारतो आणि डॉक्टरला एकही नाही. भिंतीवर इंग्रजी अक्षरांतली डिग्री दिसली की आमचे हात आपोआप जुळतात. शिक्षणानं आम्हाला माणसात आणलं, मग इतका शिकलेला माणूस वाईट कसा असेल, असा आमचा साधा हिशेब. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही म्हणतात. आम्ही घेतली.

दवाखाना नेरडीगोंड्याच्या पुढं, हायवेला लागून. खाजगी. चकचकीत फरशी, काचेचं दार. डॉक्टर बाबांशी आणि माझ्या नवऱ्याशी हिंदीत बोलला. "आप तो पढ़े-लिखे लोग हो, समझोगे." एवढ्या एका वाक्यानं बाबा खुर्चीत ताठ बसले. नवरा तहसीलमध्ये कारकून आहे, त्याला साहेबापुढं मान हलवायची सवय. डॉक्टर म्हणाला, घरी ठेवली तर बच्चीचा जीव घेईल. नवऱ्यानं सही केली.

मी तिथंच होते. सांची मांडीवर पीत होती.

"मले विचारा ना," मी म्हणत होते. "मी इथंच बसली हावो. मले विचारा."

तिघांतल्या कोणीही माझ्याकडं पाहिलं नाही. मग दोघी बाया आल्या आणि त्यांनी पिणारं लेकरू छातीवरून सोडवून घेतलं. पिताना सोडवलं की लेकरू जो आवाज करतं तो सगळ्या आयांना माहीत असतो. माझ्या दंडात सुई गेली. त्यानंतरचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तर साडीच्या जागी गाऊन. फोन नाही. छाती दगडासारखी झालेली आणि गाऊन पुढून भिजलेला. लेकरू कुठं आहे विचारलं, तर आयम्मा म्हणाली, घरी. कधी आणणार? ती दार ओढून निघून गेली. मी भिंतीकडं तोंड करून हातानं दूध पिळून मोरीत सांडायचे. सांचीच्या वाटचं दूध मोरीत जाताना बघायचे आणि रडायचे. रडले की आयम्मा वहीत लिहायची, रडते आहे.

मग गोळ्यांत एक गोळी वाढली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"मंचिदि," आयम्मा म्हणाली. चांगली आहे. तोंड उघडायला लावून जीभ उचलायला लावली, गिळली का बघायला. मी गिळली. काही दिवसांनी गाऊन भिजायचा थांबला. आधी बरं वाटलं, छातीची ठणक गेली म्हणून. नंतर डोक्यात लख्ख पडलं. आयम्माला विचारलं तर तिनं उपकार केल्यासारखं सांगितलं, दूध बंद व्हायची गोळी होती ती, त्रास होत होता ना तुला.

घरची गाय आटवायची तरी माणूस चार जणांना विचारतो. मला कोणी विचारलं नाही. माझं दूध, माझी छाती, माझं लेकरू. मी त्या दिवशी हॉलच्या मधोमध बसून हंबरडा फोडला आणि त्याबद्दल मला जास्तीचं इंजेक्शन मिळालं.

अशा अवस्थेत मी दर्शनी खोली झाडत होते. तिथं बायांना यायची मनाई. व्यापाऱ्याच्या बायकोलासुद्धा नव्हतं यायला मिळत. फक्त झाडणारीला मिळायचं, तेही सकाळी, पेशंटांचे नातेवाईक यायच्या आधी. भिंतीवर डॉक्टरच्या डिग्र्या फ्रेम करून लावलेल्या. त्यांच्या शेजारी देवाचं मोठं कॅलेंडर. आणि कॅलेंडरच्या कडेनं एक निळी पाटी डोकावत होती. वर 'हक्कुलु' एवढं तेलुगूत दिसत होतं. हक्क.

कॅलेंडर मी खराट्याच्या दांड्यानं उचलून धरलं.

माझं तेलुगू नोकरीसाठी शिकलेलं आहे, खात्याची परीक्षा देऊन पास झालेलं. पण औषधानं अक्षरं जागेवर राहत नव्हती. एका सकाळी दोन ओळी वाचून व्हायच्या, तेवढ्यात आयम्माची हाक यायची. फरशी पुसता पुसता त्या ओळी मी पुन्हा पुन्हा घोकायचे, माझ्या वर्गातल्या पोरांसारख्या. मानसिक आजारासाठी दाखल केलेल्या माणसाकडून जबरदस्तीनं काम करून घेता येणार नाही. त्याला फोन करता आला पाहिजे, भेटायला येणाऱ्यांना भेटता आलं पाहिजे. उपचार काय आहे ते त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. वकील फुकट मिळेल. दाखल केल्याविरुद्ध सरकारच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागता येईल.

एका सकाळी शेवटची ओळ आली. आईला दाखल केलं तर तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करू नये.

मी खाली बसले. ओल्या फरशीवर.

ओळ तिथं संपत नव्हती. पुढं लिहिलं होतं, मुलाच्या जिवाला धोका आहे असं डॉक्टरला वाटलं तर थोड्या काळापुरतं वेगळं करावं, पण तेव्हाही कोणाच्या तरी देखरेखीखाली आईला मूल भेटू द्यावं. मी तेही वाचलं. पोरांना मी शिकवते तसं, वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचलं. धोका होता का? असेल. कापसाच्या रानातून मीच पळाले होते. मग ठेवायची होती ना देखरेख. बसवायच्या होत्या माझ्या आजूबाजूला बाया. हात धरायचे होते माझे आणि लेकरू छातीला लावायचं होतं. हे सगळं होऊ शकत होतं. कायद्यानं तशी सोय करून ठेवली होती, आणि यांनी ती सोय भिंतीला ठोकून वर देवाचं कॅलेंडर लावलं होतं. माझी छाती तोवर पार आटली होती.

दुसऱ्या सकाळी प्रार्थना झाली. नावं घेऊन झाली. आयम्मानं खराटा आणला. मी उठले नाही.

डॉक्टर आला. मी त्याच्याशी तेलुगूत बोलले, वर्गात बोलते तसं, एकेक शब्द सुटा करून. "मी झाडणार नाही. ही म्हातारीही झाडणार नाही. माझी लेक मला दाखवा. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय." आणि लच्चूबाईच्या हातातला खराटा मी काढून घेतला. ती बिचारी घाबरली. तो परत मिळावा म्हणून माझ्या हाताशी झोंबायला लागली. हार ओवणारी बाई हसली.

डॉक्टर चिडला नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच माझ्या नवऱ्याला लावला. "बीमारी बढ़ गई है. अब कानून की बातें कर रही है."

नवऱ्याचा आवाज फोनमधून येत होता. "जी सार. जी सार."

मी धावले. ओरडले, "अहो, मी बरी हावो! सांचीले आना! मले इथून न्या!" आयम्मानं आणि दुसऱ्या बाईनं मला मागून कवळा घालून धरलं. डॉक्टरनं फोन माझ्या तोंडाच्या दिशेनं लांब धरला, माझं ओरडणं सगळं जाऊ दिलं, मग कानाला लावून म्हणाला, "सुना?"

त्या दिवशी मला कॉटला बांधलं. चादरीच्या पट्ट्यांनी, हात आणि पाय. सोडा, बाथरूमला जायचं आहे, म्हणून हाका मारल्या. कोणी आलं नाही. शेवटी कपड्यातच झालं. आयम्मा आली, नाकाला पदर लावून म्हणाली, "टीचरम्मा अंटा!" म्हणे टीचर आहे! त्या ओल्यातच मी पडून राहिले. बत्तीस वर्षांची बाई. पोरांचे शेंबूड पुसणारी, त्यांना हात धुवायला शिकवणारी.

तेव्हा मला पुरतं कळून चुकलं की मी कोणत्या विहिरीत आहे. रडले तर आजार. गप्प राहिले तर आजार. जेवले नाही तर आजार, जास्त जेवले तर तोही आजार. बरी आहे म्हणाले तर आजार समजत नाही हाच आजार. आणि कायदा बोलले तर आजार वाढला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तोही बरा. इथं तोंड उघडं होतं आणि त्यातून निघालेला प्रत्येक शब्द माझ्याच विरुद्ध जमा होत होता. खरं सांगते, मरावंसं वाटलं. आणि तेही बोलायची सोय नव्हती.

बाबा भेटायला आले तेव्हा डॉक्टर खोलीत खुर्ची टाकून बसून राहिला. माझी जीभ वळत नव्हती, लाळ गळत होती. बाबांनी आपल्या रुमालानं माझं तोंड पुसलं.

मी सगळं बळ एकवटून म्हणाले, "बाबा, भाईर जासान तं क्यालेंडर उचलून पाहा."

"काय म्हणून राह्यली पोरगी?" बाबांनी डॉक्टरलाच विचारलं.

"ऐसे ही बोलती है," डॉक्टर म्हणाला.

बाबा उठले. मला वाटलं, गेले. पण दार अर्धवट उघडं होतं आणि मला ते दर्शनी खोलीत पाठमोरे दिसत होते. त्यांनी चष्मा पुसला. कॅलेंडर एका हातानं वर धरलं आणि वाचायला लागले, जन्मभर कचेरीत सरकारी तेलुगू कागद वाचले तसे, बोट ठेवून. बराच वेळ वाचत होते. परत आले तेव्हा त्यांचे हात जुळलेले नव्हते. मोठ्या माणसासमोर असे मोकळे हात सोडून उभे राहिलेले बाबा मी पहिल्यांदा पाहिले.

"मी पोरगी घरी नेतो," ते म्हणाले.

डॉक्टरनं त्यांना समजावलं. सही नवऱ्याची आहे, त्याला घेऊन या. आणि नेल्यावर बच्चीला हिनं काही केलं तर? जिम्मेदारी तुम्ही घेणार? लिहून देणार?

बाबा खाली बसले. नातीच्या जिवाची गोष्ट काढल्यावर आजोबा काय बोलणार? ते मला तिथंच सोडून निघून गेले, आणि मी समजले की माझं संपलं.

संपलं नव्हतं. बाबा तिथून थेट घरी गेले नाहीत. आदिलाबादला गेले, कोर्टाच्या आवारात फुकट वकील मिळतो तिथं. त्या वकिलानं दवाखान्याला विचारलं, बाईमाणूस दाखल करून घेतलं ते मंडळाला कळवलं का? कळवलं नव्हतं. आणि काय चमत्कार सांगू, जी बाई कालपर्यंत पोटच्या पोरीचा जीव घेणार होती, ती वकिलाच्या एका फोननं ठणठणीत बरी झाली! मला साडी परत मिळाली. निघताना डॉक्टरनं बाबांना नमस्कार केला. लच्चूबाई संडासाच्या दारात उभी होती. तिला वाटलं, मला दुसऱ्या कामावर पाठवतात. ती माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. काय बोलली ते मला कधीच कळणार नाही.

घरी सांची माझ्या सासूच्या मांडीवर बाटलीनं दूध पीत होती. मी तिला घेतलं, छातीला लावलं. तिनं दोनदा ओढून पाहिलं आणि तोंड फिरवून रडायला लागली. सासूच्या दिशेनं हात केले तिनं. सासू म्हणाली, "राहू दे माय, सवय लागन हळूहळू." मी लेकरू तिच्याकडं दिलं आणि मोरीत जाऊन बसले. हे भरून येणार नाही. कोणी म्हणतं बाटलीवरची लेकरंही वाढतात. वाढतात ना, मी कुठं नाही म्हणते? पण ते मी ठरवायचं होतं.

शाळेत गेले तर हेडमास्तर म्हणाले, "आराम करा म्याडम, घाई काय हाये?" माझ्या वर्गातली काही पोरं शेजारच्या वर्गात बसायला लागली. एका आईनं फाटकापाशीच मला ऐकू जाईल असं म्हटलं, येड्या बाईच्या हाताखाली पोरगं कसं ठेवाव?

मी दवाखान्याविरुद्ध मंडळाकडे तक्रार केली तेव्हा नवरा म्हणाला, "झालं ते झालं. तक्रार मांगं घे. लोकायच्या तोंडाले कोन लागते?"

"तुमी मले विचारलं काऊन नाई?" मी म्हणाले. "सही करताना एकडाव माझ्याकडं पाह्यलं काऊन नाई?"

तो रडला. म्हणाला, "फोनवर तू वरडून राह्यली होती. मी काय समजू?" तो वाईट माणूस नाही. त्याला मोठ्या आवाजातला साहेब खरा वाटतो आणि ओरडणारी बायको खोटी. बहुतेकांना असंच वाटतं. त्याच्या त्या प्रश्नावर माझं आणि त्याचं अजून बोलणं झालेलं नाही, आम्ही एका घरात राहतो एवढंच.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी कागदोपत्री शहाणी नाहीच, तेव्हा मला मोकळीक आहे. तक्रार मी मागं घेतली नाही. सुनावणी पुढं गेली, परत पुढं गेली. दवाखान्याकडून निरोप आला, मिटवून घ्या, पोरीचं पुढं लग्न व्हायचं आहे. सांचीला अजून दातही पुरते आलेले नाहीत!

मागच्या आठवड्यात वकिलानं मला बोलावलं. चांगला माणूस आहे, तेलुगू, तरुण. त्यानं अर्ज पुन्हा लिहायला घेतला होता. म्हणाला, "मॅडम, आपण असं मांडू की तुम्ही कधी आजारी नव्हताच. बाळंतपणाचा थकवा होता, डॉक्टरनं चुकीचं ठरवलं. मग केस एकदम मजबूत होते."

खोटं नाही सांगत, मोह झाला. तेवढं एक वाक्य मान्य केलं की शाळा परत माझी. पोरं परत वर्गात. येडी हा शब्द माझ्यावरून आणि सांचीवरून कायमचा पुसला जाणार. घरी, गावात, सासरी, सगळ्यांना तेच पाहिजे होतं. मलाही पाहिजे होतं.

मग मला वाटलं, म्हणजे मी आजारी असते तर ते सगळं बरोबर होतं? आजारी बाईचं लेकरू ओढून घेतलं तर चालतं? तिला न सांगता गोळी दिली, बांधली, ओल्यात ठेवली तर चालतं? ती म्हातारी अजून तिथंच आहे. ती आजारी असेलही. आणि मी परत आजारी पडू शकते, सरकारी डॉक्टरणीनं हे माझ्यापासून लपवून ठेवलेलं नाही. तेव्हा मी कोणता कागद दाखवणार, मी कधी आजारी नव्हतेच हा?

"नाही सार," मी म्हणाले. "मी आजारी होते. तसंच लिहा."

"केस कमजोर होईल," तो म्हणाला.

"होऊ द्या. येडी होती, असं लिहा. येड्या बाईनं नाही म्हटलं होतं, असं लिहा. तिला कळत होतं आणि ती नाही म्हणाली होती."

मग त्यानं आधीचा मजकूर खोडला आणि विचारलं, मंडळासमोर तुमच्या वतीनं कोण बोलेल, नवरा की वडील?

मी म्हणाले, मी.